विद्युत् पुरवठा कंपन्यांचे रस्त्यांवरील अवशेष : मुंबई–भिवंडी परिसर

विजेच्या सार्वजनिक पुरवठ्याच्या आरंभकाळात स्थापन झालेल्या कंपन्यांनी शहरांच्या रस्त्यांत, पदपथांवर व भिंतींवर बसविलेली आणि त्या कंपन्यांची मालकी संपुष्टात आल्यानंतरही टिकून राहिलेली साधने व खुणा. त्यांत केबलींच्या खड्ड्यांवरील बिडाची झाकणे, वितरण-पेट्या, तारांचे खांब, चिनी मातीचे निरोधक, उपकेंद्रांच्या लहान इमारती, ट्रामचे रूळ तसेच स्थलनामे यांचा समावेश होतो. कलादृष्ट्या या वस्तू सामान्य असल्या, तरी नागरी इतिहासाची साधने म्हणून त्यांना महत्त्व आहे. रस्ता कोणाचा, त्याखालची तार कोणाची आणि तिची जबाबदारी कोणावर, या प्रश्नांची त्या त्या काळातील उत्तरे त्यांवरून मिळू शकतात. मुंबई शहर, त्याची उपनगरे आणि ठाणे जिल्ह्यातील भिवंडी हे यंत्रमागांचे शहर एकत्र विचारात घेतल्यास खाजगी कंपनी, महानगरपालिका, राज्य विद्युत् मंडळ आणि पुन्हा खाजगी वितरक अशा चारही अवस्था अल्प अंतरात पाहावयास मिळतात.

रस्त्याचा परवाना : इतर कारखान्यांचा माल गाडीने अथवा जहाजाने ग्राहकापर्यंत जातो, विजेचा माल मात्र तारेनेच जाऊ शकतो आणि ही तार कंपनीच्या स्वतःच्या जागेतून नव्हे, तर सार्वजनिक रस्त्यातून न्यावी लागते. त्यामुळे भांडवल व यंत्रसामग्री यांच्याइतकाच रस्ता खणण्याचा अधिकार हाही वीज कंपनीचा पाया ठरला. दिव्याच्या वायूच्या नळांमुळे हा प्रश्न त्यापूर्वीच निर्माण झाला होता. विजेमुळे तो अधिक व्यापक झाला.

सार्वजनिक वीजपुरवठ्याचा आरंभ सामान्यतः १८८२ या वर्षापासून मानतात. त्या वर्षी लंडनमध्ये होबर्न व्हायाडक्ट येथे आणि न्यूयॉर्कमध्ये पर्ल स्ट्रीट येथे एडिसन यांच्या योजनेनुसार वीज केंद्रे सुरू झाली. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये विद्युत् प्रकाशासंबंधी कायदा झाला. त्यानुसार एकवीस वर्षांनंतर कंपनीचा व्यवसाय विकत घेण्याचा अधिकार स्थानिक संस्थेला मिळाला. ही मुदत अपुरी असल्याची तक्रार भांडवलदारांनी केल्यामुळे १८८८ मध्ये ती बेचाळीस वर्षांची करण्यात आली. कंपनीने रस्ता वापरावा, परंतु तो कायमचा तिच्या स्वाधीन होऊ नये, हे तत्त्व या तरतुदीमागे होते.

भारतात १८८७ च्या कायद्याचा रोख मुख्यत्वे विजेच्या धोक्यापासून व्यक्ती व मालमत्ता यांच्या संरक्षणावर होता. कलकत्त्यासाठी १८९५ मध्ये प्रांतिक कायदा झाला आणि १८९७ मध्ये स्थापन झालेल्या कंपनीने १८९९ मध्ये त्या शहरात पुरवठा सुरू केला. पुढे १९०३ च्या व तदनंतर १९१० च्या भारतीय विद्युत् अधिनियमांनी परवान्याची पद्धत देशभर रूढ केली. परवानाधारकाला रस्ता व पदपथ खणता येई. मात्र त्यासाठी पूर्वसूचना देणे, काम संपताच रस्ता पूर्ववत् करणे व ठराविक क्षेत्रात मागेल त्याला वीज पुरविणे ही बंधने त्याच्यावर असत. रस्त्यांवरील अवशेषांचा अर्थ या हक्कांच्या व बंधनांच्या संदर्भातच लावावा लागतो. झाकणावरील नाव ही केवळ जाहिरात नव्हे. खाली हात घालण्याचा अधिकार कोणाला आहे, हे सांगणारी ती निशाणी असते.

लंडनमध्ये अशी अनेक झाकणे आजही दिसतात. तेथे एकेका विभागासाठी निरनिराळ्या कंपन्या होत्या. ब्रिटनमधील वीज उद्योगाचे १ एप्रिल १९४८ रोजी राष्ट्रीयीकरण झाले आणि त्या कंपन्या संपल्या. तथापि त्यांची नावे असलेली झाकणे पदपथांतून काढली गेली नाहीत. त्यांच्या स्थानांवरून जुन्या कंपन्यांच्या क्षेत्रांचा स्थूल नकाशा तयार करता येतो.

मुंबईतील आरंभ : मुंबईत १८८२ मध्ये क्रॉफर्ड मार्केट (सध्याचे महात्मा जोतिबा फुले मंडई) येथे प्रथम विजेचे दिवे लागले. पुढील वर्षी नगरपालिकेने ही मंडई व काही रस्ते विजेने उजळण्यासाठी ईस्टर्न इलेक्ट्रिक लाइट अँड पॉवर कंपनीशी करार केला. परंतु ती कंपनी लवकरच दिवाळखोरीत निघाली व मंडईत पुन्हा वायूचे दिवे आले. या अपयशामुळे शहरव्यापी पुरवठा सुमारे दोन दशके लांबणीवर पडला.

त्याला चालना मिळाली ती दिव्यांमुळे नव्हे, तर ट्राममुळे. मुंबईत ९ मे १८७४ पासून बाँबे ट्रामवे कंपनीच्या घोड्यांच्या ट्रामगाड्या धावत होत्या. त्यांच्याऐवजी विजेच्या गाड्या आणावयाच्या, तर मोठे वीज केंद्र आवश्यक होते आणि तेथील वीज दिव्यांसाठी व पंख्यांसाठीही विकता येणार होती. बाँबे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनी ही १९०५ मध्ये स्थापन झाली. ७ ऑगस्ट १९०५ रोजी नगरपालिका, ट्रामवे कंपनी व ब्रश इलेक्ट्रिकल एंजिनिअरिंग कंपनी यांच्यात करार झाला आणि त्या वर्षअखेरीस वाडी बंदर येथे ४,३०० किवॉ. क्षमतेचे वाफेवर चालणारे केंद्र सुरू झाले. पहिली विजेची ट्राम ७ मे १९०७ रोजी धावली. मागणी वाढल्याने १९१२ मध्ये कुसारा येथे दुसरे केंद्र उभारण्यात आले.

ही आरंभीची केंद्रे शहरातच, बंदराच्या व रेल्वेच्या मालधक्क्यांच्या निकट होती. कमी दाबाची वीज दूरवर नेल्यास तारेत बरीच वाया जाते. म्हणून केंद्र ग्राहकांजवळ असणे इष्ट असे आणि दगडी कोळशाची ने-आण सुलभ असावी लागे. सह्याद्रीतील जलविद्युत् योजनांनी ही स्थिती पालटली. टाटा हायड्रो-इलेक्ट्रिक पॉवर सप्लाय कंपनी १९१० मध्ये स्थापन झाली. लोणावळ्याच्या परिसरातील तलावांचे पाणी पाचशे मीटरांहून अधिक उंचीवरून खोपोलीस उतरवून १९१५ मध्ये तिने मुंबईतील गिरण्यांना वीज दिली. त्यापाठोपाठ भिवपुरी (१९२२) व भिरा (१९२७) येथील केंद्रे आली. बेस्ट कंपनी १९१६ पासून टाटांची वीज विकत घेऊ लागली आणि १९२५ पर्यंत तिची स्वतःची निर्मिती थांबली. यानंतर शहरातील कंपनीचे काम वितरणापुरते उरले व तिचा संसार मुख्यत्वे रस्त्याखालीच मांडला गेला. या सोयीची किंमत शहराबाहेरील लोकांनी दिली, हेही नमूद केले पाहिजे. भिरा केंद्रासाठी मुळशी येथे बांधावयाच्या धरणाविरुद्ध मावळातील शेतकऱ्यांनी सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली १९२१–२४ मध्ये सत्याग्रह केला. तथापि धरण पुरे झाले व तेथील गावे पाण्याखाली गेली. मुंबईच्या रस्त्यावरील पेटीत या इतिहासाची काही खूण आढळत नाही.

चार अक्षरे, तीन अर्थ : मुंबईच्या बेट-शहरात तारा डोक्यावरून नेण्याऐवजी केबली जमिनीखाली घालण्यात आल्या. परिणामी खांबांपेक्षा पदपथावरील लोखंडी वितरण-पेट्या ही येथील मुख्य खूण ठरली. उपकेंद्रातून आलेली केबल या पेटीत फुटते. तेथून वितळतारांमार्फत आसपासच्या इमारतींना स्वतंत्र शाखा दिल्या जातात. एखाद्या इमारतीत बिघाड झाल्यास रस्ता न खणता पेटी उघडून तेवढीच शाखा तोडता येते.

अशा पेट्यांवर व झाकणांवर ‘बेस्ट’ ही इंग्रजी आद्याक्षरे आढळतात. त्यांचा अर्थ मात्र तीनदा ठरला. १९०५ च्या कंपनीच्या नावात शेवटचे अक्षर ‘ट्रामवेज’चे होते. ७ ऑगस्ट १९४७ रोजी, म्हणजे मूळ करारास बरोबर बेचाळीस वर्षे पुरी झाली त्या दिवशी, मुंबई महानगरपालिकेने हा व्यवसाय आपल्या ताब्यात घेतला आणि त्या अक्षराचा अर्थ ‘ट्रान्सपोर्ट’ असा झाला. पुढे १९९५ मध्ये पहिले अक्षर ‘बाँबे’ऐवजी ‘बृहन्मुंबई’चे मानले जाऊ लागले. लंडनस्थित भागधारकांची कंपनी नगरपालिकेची झाली, ट्राम ३१ मार्च १९६४ रोजी बंद पडली, शहराचे अधिकृत नाव बदलले. परंतु लोखंडावरील चार अक्षरे बदलण्याचे कारण पडले नाही. म्हणून केवळ आद्याक्षरांवरून एखाद्या पेटीचा काळ ठरविणे धोक्याचे असते. ओतकाम, बिजागऱ्या, कुलपाची रचना, आतील निरोधकांचा प्रकार इ. बाबी पाहूनच अनुमान करावे लागते.

ट्रामच्या खुणा तुलनेने स्पष्ट आहेत. दादर येथील खोदादाद सर्कलला ‘दादर टी. टी.’ म्हणतात, त्यातील दोन अक्षरे ‘ट्राम टर्मिनस’ या शब्दांची आहेत आणि शेवटच्या ट्रामनंतर जन्मलेले लोकही ते नाव सहजपणे वापरतात. रूळ अनेक ठिकाणी उखडून न काढता डांबराखाली गाडले गेले. फ्लोरा फाउंटनच्या पुनरुद्धाराच्या वेळी, २०१८ च्या सुमारास, त्या परिसरात असे रूळ पुन्हा उघडे पडले. वाडाळ्यानजीकच्या आणिक आगारातील बेस्टच्या संग्रहालयात या उपक्रमाची जुनी साधने जतन करण्यात आली आहेत.

उपनगरे व ठाणे जिल्हा : बेस्टच्या परवान्याचे क्षेत्र जेथे संपते तेथे रस्त्यावरील नावेही बदलतात. पश्चिम उपनगरांसाठी १९२९ मध्ये बाँबे सबर्बन इलेक्ट्रिक सप्लाय ही कंपनी स्थापन झाली. ती २००३ मध्ये रिलायन्स समूहाकडे व २०१८ मध्ये अदानी समूहाकडे गेली. मुलुंड व भांडुप येथे राज्य मंडळाचा आणि नंतर महावितरणचा पुरवठा आहे. अशा प्रकारे रस्त्याने उत्तरेकडे जाणाऱ्यास पेट्यांवरील नावांवरून जुन्या परवान्यांच्या सीमा ओळखता येतात. नगरपालिकेची सीमा व विजेची सीमा एकच असते असे नाही, हेही त्यावरून कळते.

ठाणे जिल्ह्यात विजेच्या प्रसारास रेल्वेचाही हातभार लागला. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबई ते कुर्ला या मार्गावर विजेची पहिली आगगाडी धावली. विद्युतीकरण पुढे वाढल्यावर कल्याणजवळ ठाकुर्ली येथे रेल्वेचे चोळे वीज केंद्र उभारण्यात आले. ते आता बंद आहे. सह्याद्रीतून मुंबईकडे येणाऱ्या उच्च दाबाच्या तारा याच परिसरातून गेल्या आहेत. कल्याणच्या उत्तरेस, कामवारी नदीकाठी वसलेले भिवंडी हे या पट्ट्यातील विणकरांचे जुने गाव होय.

भिवंडी : येथील हातमागाचा व्यवसाय जुना असून एकोणिसाव्या शतकात उत्तर भारतातून आलेल्या मोमिन विणकरांनी तो वाढविला. १९३० नंतरच्या काळात हातमागांच्या जागी यंत्रमाग येऊ लागले. या बदलात वीजपुरवठ्याचे स्थान निर्णायक होते. गिरणीत वाफेचे एंजिन एका लांब दंडाला फिरवी व त्या दंडावरून पट्ट्यांनी शेकडो माग चालत. त्यामुळे माग चालवावयाचा, तर गिरणी बांधण्याइतके भांडवल आवश्यक असे. विजेच्या मोटरीमुळे एक माग स्वतंत्रपणे चालू शकला. रस्त्यातील तार घरापर्यंत आली, की चार माग असलेला विणकरही कारखानदार होऊ शके. मुंबईच्या गिरण्यांनी टाकून दिलेले जुने माग त्याला स्वस्तात मिळत. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी-संपानंतर मुंबईतील कापड-उत्पादनाचा मोठा भाग भिवंडीकडे वळला आणि हे शहर देशातील यंत्रमागांचे एक प्रमुख केंद्र बनले.

यामुळे भिवंडीतील विजेच्या खुणांचे स्वरूप मुंबईपेक्षा भिन्न आहे. मुंबईत दिवे व ट्राम यांसाठी आखलेल्या जाळ्याची शिस्त दिसते. भिवंडीत गल्लीगल्लीत वाढत गेलेल्या मागांमागे धावणारे जाळे दिसते. अरुंद रस्त्यावरील लोखंडी खांब, दोन खांबांमधील मचाणावर बसविलेले रोहित्र, भिंतीतील लोखंडी कंसावरून मागाच्या खोलीत शिरणाऱ्या तारा आणि दाराशी असलेली मीटरांची रांग, ही येथील वैशिष्ट्ये होत. खांबांवरील धोक्याच्या पाट्याही अभ्यसनीय आहेत. १९५६ च्या भारतीय विद्युत् नियमांनुसार अशा पाटीवर हिंदी किंवा इंग्रजीबरोबर त्या जिल्ह्याच्या भाषेत मजकूर व कवटीचे चिन्ह असणे आवश्यक ठरले. वाचता न येणाऱ्यालाही धोका कळावा, हा कवटीमागील हेतू होय.

महाराष्ट्र राज्य विद्युत् मंडळाची स्थापना २० जून १९६० रोजी झाली. लहान परवानाधारकांचे व्यवसाय टप्प्याटप्प्याने राज्याच्या यंत्रणेत विलीन होत गेले आणि भिवंडीचा पुरवठाही मंडळाकडे होता. ६ जून २००५ रोजी मंडळाचे विभाजन होऊन वितरण महावितरण कंपनीकडे आले. तथापि बोलीभाषेत ‘बोर्ड’ किंवा ‘एमएसईबी’ हीच नावे रूढ राहिली. मंडळाची आद्याक्षरे असलेल्या जुन्या वस्तूही लगेच बदलल्या गेल्या नाहीत.

त्या काळी भिवंडी परिमंडलातील वितरण-हानी अतिशय मोठी होती. दिलेल्या विजेपैकी निम्म्याहून अधिक विजेचे पैसे वसूल होत नसत. २००३ च्या विद्युत् अधिनियमाने वितरणाचे काम प्रतिनिधीकडे सोपविण्याची मुभा दिली. तिचा उपयोग करून २६ जानेवारी २००७ पासून भिवंडीतील वितरण दहा वर्षांसाठी टोरंट पॉवर या कंपनीकडे देण्यात आले. २०१७ मध्ये ही मुदत आणखी दहा वर्षांनी वाढविण्यात आली. देशातील शहरी वितरणाच्या क्षेत्रात ही व्यवस्था आद्य प्रयोग म्हणून ओळखली जाते. तीनुसार वितरणाचा परवाना महावितरणकडेच राहतो. प्रतिनिधी कंपनी परिसराच्या प्रवेशबिंदूवर वीज मोजून घेते, ग्राहकांकडून देयके वसूल करते आणि जाळ्याची देखभाल व सुधारणा करते. नव्या कंपनीने मीटर बदलणे व रोहित्रांची क्षमता वाढविणे ही कामे मोठ्या प्रमाणावर केली व हानी बरीच घटली. स्थानिक पातळीवर या व्यवस्थेविषयी मतभेद व आंदोलनेही झाली.

मुंबईत १९०५ साली उपस्थित झालेलाच प्रश्न भिवंडीत शंभर वर्षांनी नव्या रूपात उभा राहिला. खाजगी भांडवलाने रस्त्याचा उपयोग करावा. परंतु किती मुदतीसाठी, कोणत्या अटींवर आणि मुदत संपल्यावर खांब, तारा व मीटर कोणाचे, हा तो प्रश्न होय. मुंबईत त्याचे उत्तर खरेदीच्या तरतुदीने दिले. भिवंडीत परवाना व कारभार यांची फारकत करून दिले गेले. त्यामुळे भिवंडीच्या एकाच गल्लीत खांब मंडळाच्या काळातला, परवाना महावितरणचा आणि देयकावरील नाव तिसऱ्याचे, अशी स्थिती संभवते. माग बंद पडल्यास दाद कोणाकडे मागावयाची, हे विणकराला अशा वेळी माहीत असावे लागते. कारण विजेविना गेलेला तास हा त्याच्या मजुरीतून वजा होतो.

नोंद व जतन : इतिहाससाधने म्हणून या अवशेषांचे वाचन करताना वस्तूचे स्थान, तिच्यावरील अक्षरे, घडण व तिची सध्याची स्थिती (वापरात असलेली अथवा मृत) या चार गोष्टींची नोंद करणे आवश्यक असते. स्थान हे विशेष महत्त्वाचे. कारण जागेवरून हलविलेले झाकण संग्रहालयात शोभते, परंतु तार कोठून गेली होती हे ते सांगू शकत नाही. या नोंदीस व्यावहारिक मूल्यही आहे. रस्त्याखालील निकामी केबलींचे नकाशे हरवल्यास नव्याने खणणाऱ्याला मृत केबल व जिवंत केबल यांतील भेद वरून कळत नाही व अपघात घडतात.

या वस्तूंचा नाश मुख्यत्वे तीन कारणांनी होतो. बिडाला भंगारबाजारात किंमत असल्याने झाकणे चोरीस जातात. रस्त्यांचे काँक्रीटीकरण व पदपथांची फेररचना करताना जुनी साधने काढून टाकली जातात. आणि वापरात असलेली साधने सुरक्षिततेसाठी बदलावी लागतात. यांपैकी तिसरे कारण योग्यच होय. गंजलेली पेटी केवळ जुनी म्हणून पदपथावर ठेवणे इष्ट नाही. तथापि बदलण्यापूर्वी छायाचित्र व नकाशा यांद्वारे नोंद करणे शक्य असते. मुंबईतील जुन्या मैलदगडांना वारसा-सूचीत स्थान मिळाल्याने त्यांचा शोध व पुनरुद्धार होऊ शकला. असाच मार्ग वितरण-पेट्या व झाकणे यांच्या बाबतीतही अनुसरता येईल. भिवंडीसारख्या शहरात, जेथे जुन्या इमारतींपेक्षा चालू यंत्रमाग हाच मुख्य वारसा आहे, तेथे मागाच्या खोलीतील लाकडी पाटीवरचे जुने स्विच, मोटरी व मीटर यांचाही अशा नोंदीत समावेश होणे आवश्यक आहे. जाळे एका संस्थेकडून दुसऱ्या संस्थेकडे सोपविले जाताना साधनांची यादी करावीच लागते. तीत प्रत्येक साधनाचा काळ व स्थान यांची भर घातल्यास नागरी इतिहासाचे एक विश्वसनीय साधन विशेष खर्चाविना उपलब्ध होऊ शकते.